पत्रूच्या घरचं नवं

"ज्यानं चिरलं, त्यानंच बाहेर जाऊन सांगायचं. चांगलं असो की वाईट."

बोरकुटे सरांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. सर हळू बोलायचे. तोंडात सदा बडीशेप असायची, त्यामुळे अर्धे शब्द गालातच राहायचे. हे वाक्य मात्र स्वच्छ यायचं. ऑपरेशन आटोपलं की मास्क खाली ओढता ओढता ते शिकाऊ डॉक्टरला एवढंच सांगायचे. तो डॉक्टर मग दार ढकलून बाहेर जायचा, बाकावर बसलेल्या माणसांसमोर उभा राहायचा, आणि मी आत हत्यारं धुवायला घ्यायची.

आमचा दवाखाना गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या रस्त्यावर होता. एका ट्रस्टचा, लहानसा. पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांच्यामागे जंगल. नागपूरला मेडिकलमध्ये सर्जरी शिकणारी मुलं आळीपाळीनं सरांकडे यायची, सहा-सहा महिने राहायची. मी थिएटरची सिस्टर. माझं नाव मनकर्णा, पण ते तिथे कोणाला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. सगळ्यांची मी सिस्टरबाई.

दोन हजार एक साली जून महिन्यात डॉक्टर निशात आली. सर्जरीला मुलगी आली याचंच सगळ्यांना नवल. मुलांसाठी एक खोली होती, मुलींसाठी नव्हती. सरांनी मला विचारलं, सिस्टर, तुमच्याकडे राहील का? माझी क्वार्टर दोन खोल्यांची आणि मी एकटी. मी हो म्हणाले. घरी आले तेव्हा मनात जराशी धाकधूक होती. माझे रोजचे नेम, तिची नमाज, एकाच घरात कसं निभायचं?

पहिल्याच पहाटे तुळशीला पाणी घालायला उठले, तर ती आधीच उठून मोरीवर कोपरापर्यंत हात धुवत होती. बादली एकच. मला बघून तिनं बादली माझ्याकडे सरकवली. आधी तुमचं होऊ द्या, म्हणाली. मी परत सरकवली. असं दोन-तीनदा झालं, शेवटी दोघींनाही हसू आलं, आणि बाजाराच्या दिवशी मी दुसरी बादली घेऊन आले. निभायचा प्रश्न तेवढ्यावर मिटला. ती सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरायची, माझा सोमवारचा उपास असायचा. सोमवारी आमची चूल दिवसभर थंड. दिवेलागणीला ती खजूर तोंडात टाकायची आणि मी भगर रांधायची. तिच्या ताटलीत मी भगर वाढायची, ती माझ्या हातावर खजूर ठेवायची.

ती ब्रह्मपुरीची. वडील मुश्ताकभाई, बाजारात बांगड्यांचं दुकान. घरात पहिलीच डॉक्टर.

मी बरीच वर्षं थिएटरमध्ये काढली आहेत. हत्यार देताना समोरच्या हाताचा स्वभाव कळतो. भ्यालेला हात हत्यार ओढून घेतो. माजलेला हात इकडे न बघताच बोटं वाजवतो. निशातचा हात उघडा पुढे यायचा आणि थांबायचा. हत्यार त्यात नीट बसलं की मगच तो मिटायचा. मला तो हात फार आवडला. सरांनाही आवडला असणार, कारण पहिल्या महिन्यातच सर तिला ऑपरेशन करणाऱ्याच्या जागी, पेशंटच्या उजव्या बाजूला उभं करू लागले. स्वतः डावीकडे, मदतनिसाच्या जागी.

पण बाहेर गेली की ती एकच बोलायची. "सरांनी केलं. मी सोबत होते."

पहिल्यांदा सर हसले. नातेवाईक त्यांच्या पाया पडायला आले, तेव्हा त्यांनी त्यांना धरून निशातकडे वळवलं, तर ही तिथून निघूनच गेलेली. दुसऱ्यांदा त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं. ती म्हणाली, जी सर. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

एकदा आमच्या खोलीत भाजी निवडता निवडता मी विचारलं. रागावून नाही, सहजच. तिनं पालकाची जुडी बाजूला ठेवली. म्हणाली, सिस्टर, माझी जागा माझी नव्हतीच. एमएसच्या पहिल्या फेरीत तिला सर्जरी मिळाली नव्हती. कोण्या मुलाला मिळाली होती. तो ती सोडून दुसरीकडे गेला, म्हणून दुसऱ्या फेरीत ती जागा हिच्याकडे आली. त्या मुलाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण हातात सुरी घेतली की तो तिला मागे उभा दिसायचा. त्यानं हे किती छान केलं असतं, असं वाटायचं. होस्टेलवर मुलं गमतीनं म्हणायची, मॅडम, गायनॅकला जायचं ना, इथी कुठी आल्या. ती हसून सोडून द्यायची, पण ते शब्द तिच्याजवळ राहायचे.

"सर समोर असतात ना, सिस्टर, मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत बघत करते. ते डोळे चिरतात, माझे हात नाही. एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येईल."

अम्मीनं लहानपणापासून शिकवलं होतं, कोणी तारीफ केली की मान खाली घालायची आणि म्हणायचं, वरच्याची मेहेरबानी. मी तेच करते, ती म्हणाली. चंद्रपूरला तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं ब्लड बँकेत नोकरीचं बोलून ठेवलं होतं. तिथे कोणाला चिरायचं नाही. दिवाळीत इथला मुक्काम संपला की नागपूरला जाऊन सांगणार, सर्जरी सोडते.

मला वाद घालता येत नाही. मी चहा ठेवला. पण त्या रात्री देवापुढे हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. तिला जे नको आहे, ते तिच्यासाठी कसं मागायचं? शेवटी म्हणाले, तिचं भलं कर, आणि निजले.

पत्रू आला तो धानाची रोवणी संपता संपता. आमच्यापासून आत जंगलात कोसंबीटोला म्हणून गाव आहे, तिथला गोंड शेतकरी. चाळिशीचा. बरेच दिवस ताप होता, गावच्या वैदूचं औषध चालू होतं, मग एकाएकी पोट दगडासारखं झालं. खाटेवर टाकून रस्त्यापर्यंत आणला, तिथून जीपनं. सोबत बायको मंगली आणि मोठा भाऊ कोलू. मंगलीच्या पोटऱ्यांवर रोवणीचा चिखल तसाच वाळलेला. सरांनी पोटावर हात ठेवला आणि निशातकडे बघितलं. टायफाईडनं आतड्याला भोक पडलेलं होतं. लगेच उघडावं लागणार होतं. सरांनी कोलूला बाहेर जाऊन सांगितलं, ह्या बाई चिरतील, मी सोबत आहे. कोलूनं मान हलवली. त्या घाईत त्यानं काय ऐकलं असेल कोण जाणे.

दुपार होती. निशातनं मास्कच्या आत बिस्मिल्ला म्हटलं, मी माझ्या देवाचं नाव घेतलं. तिनं हात पुढे केला, मी सुरी ठेवली.

आत सगळा पू. तिनं तो काढला, आतडं हळूहळू ओढून घेतलं, आणि भोक सापडलं. सर डावीकडे पोट उघडं धरून उभे. तिनं एकेक टाका घातला. शेवटच्या गाठीनंतर सर म्हणाले, झालं, धुवून बंद कर. मी बंद करायचा दोरा सुईत ओवून तयार ठेवला होता. पुढे केला. तिचा हात आलाच नाही.

तिनं पुन्हा सुरुवातीपासून आतडं बोटांमधून सोडायला घेतलं. सावकाश, जशी बायका रेशमाची साडी खरेदी करताना काठ तपासत जातात तशी. सरांनी पोट उघडंच धरून ठेवलं. खालच्या टोकाला, एका घडीत चिकटून, दुसरं भोक होतं. बारीकसं. ती थांबली. सरांनी मान वाकवून बघितलं, मग हातातला हूक थोडा आणखी ओढून धरला, तिला नीट दिसावं म्हणून. तिनं तेही शिवलं. त्यानंतर कुठे तिचा हात माझ्याकडे आला.

ते राहिलं असतं तर पत्रू राहिला नसता. हे आम्हां तिघांनाही कळत होतं. सर मास्क खाली ओढून नेहमीचं बोलले. ती बाहेर गेली, आणि दाराआडून मला तिचा आवाज आला. "सरांनी केलं. मी सोबत होते."

पत्रू हळूहळू सुधारला. माणूस मोठा गमत्या. टाके काढताना निशातला म्हणाला, बाई, आता उसवाचंच होतं तं शिवलं कायले. आमची वॉर्डातली आया कलाबाई त्याला मोहाच्या दारूवरून चिडवायची, तो म्हणायचा, गळाली असंन तं भोकातून गळाली असंन, आता बुजवलं ना. पोळ्याच्या आधी तो घरी गेला. निघताना मंगलीनं निशातला पुन्हा विचारलं, नक्की कोणं केलं जी, आमाले ध्यानात ठेवाचं हाये. निशात म्हणाली, सरांनीच.

दसरा झाला. निशातनं सरांना तिचा बेत सांगितला. मी तिथेच ट्रे लावत होते. सरांनी बराच वेळ बडीशेप चावली. अडवणार नाही, म्हणाले. खरं कारण तेवढं सांग. ती म्हणाली, सर, मी यातली नाही. सर म्हणाले, बरं. दुसरं काही बोललेच नाहीत. मला त्यांचा रागच आला थोडा.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मंगली ओपीडीत आली. हातात पळसाच्या पानांत बांधलेले नवे तांदूळ, घरच्या हलक्या, लवकर निघणाऱ्या धानाचे. तिनं ते सरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, पहिलं नवं तुमच्या हाताचं, घरी येऊन खाचं. सरांनी हात जोडले आणि पुडी तिच्याकडे सरकवली. हे माझं नाही, म्हणाले, तुझ्या नवऱ्याला त्या बाईनं चिरलं. मंगली वॉर्डात निशातकडे गेली. निशातनं पुडीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि म्हणाली, सर मोठे आहेत म्हणून तसं म्हणतात. त्यांचंच आहे हे. मंगली व्हरांड्यात ती पुडी घेऊन उभी राहिली. मग गेली.

आणि मी? मला दोघांचंही कौतुक वाटलं. काय माणसं आहेत, म्हटलं, कोणीच मोठेपणा घ्यायला तयार नाही. घरी येऊन मी तुळशीपाशी दिवा लावला तेव्हा मन भरून आलं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बैलगाडी आली. गाडीत पत्रू आडवा.

निशात धावतच बाहेर गेली. मी मागे. आम्हाला वाटलं, पोट पुन्हा फुगलं, टाका सुटला. त्याला आत घेतलं. ताप नाही. पोट मऊ. टाक्यांची रेघ बारीक आणि कोरडी. पण माणूस निम्मा झालेला. गालफडं बसलेली, आणि तोंडातून गमतीचा एक शब्द नाही. तिनं कुठे दुखतं विचारलं, तो म्हणाला, कुठीच नाई. मंगलीनं सांगितलं, उठत नाही, वावरात जात नाही, पडून राहतो. खातो काय? पेज. निशातनं विचारलं, नवं धान निघालं ना घरी, मग भात का नाही?

मंगलीनं कोलूकडे बघितलं. कोलू दाराशी होता, त्यानं मान फिरवली. मग तीच हळूहळू सांगू लागली. पत्रूला टेबलावर घेतलं होतं तेव्हा कोलूनं बाहेर बाकावर बसून त्यांच्या पेनाला, म्हणजे त्यांच्या घरच्या देवाला, शब्द दिला होता. भाऊ वाचला तर ज्या हातानं त्याला उघडलं, तो हात घरचं पहिलं नवं खाईल. त्याच्यानंतर पत्रू. त्याच्यानंतर घर. तोवर नव्या धानाला घरात कोणी तोंड लावणार नाही. गावानं नवं खाल्लं होतं. यांच्या घरी धानाची ढोली भरलेली, आणि चुलीवर जुन्या कणीची पेज.

मी स्वतः नेमाची बाई. दिलेला शब्द काय असतो ते मला कोणी सांगायला नको. आणि मी त्या पुडीकडे बघून कौतुक करत बसले होते.

"सर म्हणते बाईनं केलं, बाई म्हणते सरनं केलं," मंगली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमी घरी गेलो तं सारे विचारून राह्यले, मंग कोणं केलं? काम चांगलं झालं असतं तं कोणी तरी म्हणलं असतं ना बाई, मी केलो मनून. दोघंही एकमेकाकडं बोट दाखवून राह्यले. आत काई तरी बिघडलं हाये, म्हणून कोणी आपल्या अंगावर घेऊन नाई राह्यले."

पत्रू छताकडे बघत होता. "मले खरं सांगा बाई. आत काय राह्यलं? मी जातो तं जातो. पण या लोकायले धान तं खाऊ द्या."

सर येऊन दारात उभे होते, कधी आले ते मला कळलं नाही. निशातनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग परत बघितलं नाही. स्टूल ओढून ती पत्रूच्या उजव्या बाजूला बसली आणि त्याच्या टाक्यांच्या रेघेवर हात ठेवला.

"पत्रूभाऊ, तुमचं पोट मी चिरलं," ती म्हणाली. "इथून इथवर. आत पू होता, तो मी काढला. आतड्याला भोक होतं, ते मी शिवलं."

ती थांबली. मला वाटलं, इथेच थांबते की काय.

"मग मी पुन्हा पाहिलं. दुसरं भोक होतं."

"ते सरनं दाखवलं?"

"नाही. माझ्या हाताला लागलं."

दारातून सर म्हणाले, "मले नाई दिसलं पत्रू. मी तं हिले बंद कर म्हणालो होतो. हिनं ऐकलं नाई."

पत्रूनं मान वळवून आधी सरांकडे, मग तिच्याकडे बघितलं. मनाशी काही जुळवत होता.

"म्हणजे दोन होते."

"दोन होते. दोन्ही मी शिवले. आत काही राहिलेलं नाही, भाऊ. राहिलं असतं तर ते माझ्या हातून राहिलं असतं, आणि मीच तुम्हाला येऊन सांगितलं असतं."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटत होती."

"पोट माझं फाटलं," पत्रू म्हणाला, "अन् भेव तुमाले."

कलाबाई पदर तोंडाला लावून हसली. मंगलीनं नवऱ्याच्या खांद्यावर एक चापट मारली, गप रहा ना, तिले बोलू दे. पण तीही हसत होती, आणि डोळे पुसत होती. निशातच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. पत्रूच्या पोटावरचा हात मात्र तिनं काढला नाही.

सर आत आले. पत्रूच्या पायाशी उभे राहून म्हणाले, माझं चुकलं गड्या. हिला शिकवायला म्हणून मी ती पुडी परत केली, आणि उपाशी तुम्ही राहिले. पत्रू म्हणाला, जाऊ द्या जी, पेज काई वाईट नसते. मग जरा विचार करून म्हणाला, लय दिवस वाईट असते.

मंगलीनं लगेच येण्याचं पक्कं करायला घेतलं. आता ती निशातला अगंतुगं करू लागली होती. "मंग कवा येतेस?"

उद्या गुरुवार, तिचा रोजा. परवा सकाळी येते, निशात म्हणाली. कोंबडा ठरला. त्यावर निशात घुटमळली. आमच्यात आमच्या रीतीनं कापलेलंच चालतं, असं तिनं लाजत सांगितलं. मंगली म्हणाली, मंग तूच काप, तुह्या रीतीनं. निशातनं कबूल केलं की तिनं जन्मात कधी कोंबडी कापली नाही. कलाबाईला तर उधाणच आलं. माणसाचं पोट फाडते अन् कोंबडीले भेते, असं तिनं वॉर्डभर सांगितलं. शेवटी कोंबडा रद्द झाला. भात आणि वालाच्या शेंगांची भाजी, एवढंच ठरलं. आणखी एक गोष्ट निशातच्या मनात होती, देवापुढे ठेवलेलं अन्न तिला चालणार नव्हतं, पण ते तिला बोलता येत नव्हतं. मंगलीला ती कशी कळली कोण जाणे. बाई बाईचं ओळखते. "पेनाचं पेनाले," ती म्हणाली, "तुह्यं तुले. नव्या गंजात, कोऱ्या भांड्यात, वेगळं शिजवतो. तू तुह्या देवाचं नाव घे अन् खा."

"येते मी, मंगलीबाई," निशात म्हणाली. "शब्द देते."

गाडी परत गेली. जाताना पत्रू बसून गेला.

त्या संध्याकाळी तिची नमाज लांबली. मी माझा दिवा लावून झाला तरी ती जानमाजवरून उठली नव्हती. मग चुलीपाशी येऊन बसली. मी विचारलं, तो मुलगा आज दिसला का गं, जागा सोडून गेलेला? तिनं जरा आठवून बघितलं. नाही, म्हणाली, आज आलाच नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अम्मीनं देणाऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं होतं, सिस्टर. मी तर दिलेलं घेतच नव्हते. घेतलंच नाही, तर शुक्र कशाचा करत होते, आभार कशाचे मानत होते मी रोज?"

मी तिच्याकडे बघत बसले. वाटलं, हे मला कोणी आजवर इतकं सोपं करून सांगितलं नाही. मी इतके उपास केले, इतके दिवे लावले, आणि कोणी म्हणालं की सिस्टरबाई, तुमच्यामुळे बरं वाटलं, की मीही हात झटकायची. माझं काय त्यात, म्हणायची. त्या रात्री मी देवाकडे काही मागितलं नाही. जे दिलं होतं त्यातलं एकेक आठवून नुसती हो म्हणत गेले. हात दिले, हो. काम दिलं, हो. हे दोन खोल्यांचं घर आणि त्यात ही पोरगी दिली, हो.

गुरुवारी एका म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. तिनंच केलं. सर डावीकडे होते, आणि त्या दिवशी बहुतेक वेळ त्यांनी डोळे मिटलेले होते. खरंच झोप आली होती की मुद्दाम, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आटोपल्यावर ते नेहमीचं वाक्यही बोलले नाहीत. ती दार ढकलून गेली. मी नळ बंद केला आणि कान दिला.

"ऑपरेशन मी केलं," ती म्हणत होती. आवाज हळूच होता, तिचा आवाज मोठा कधी नव्हताच. "नीट झालं. वरच्याची मेहेरबानी. चार दिवस वजन उचलू देऊ नका."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, देव तुह्यं भलं करो माय. मग निशात म्हणाली, "हो आजी."

मी नळ पुन्हा सोडला. सर हात धुवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दोघांनाही नाक पुसायचं होतं.

ती आत आल्यावर सरांनी विचारलं, नागपूरला मी काय कळवू? ती म्हणाली, कळवायचं काही नाही सर, दिवाळीनंतर जाते आणि परीक्षेच्या तयारीला लागते. चंद्रपूरला फोन करून मी नको सांगितलं आहे. सरांनी शर्टाच्या खिशात हात घातला, बडीशेपेची डबी काढली आणि पहिल्यांदाच तिच्यापुढे धरली. मग त्यांच्या लक्षात आलं की तिचा रोजा आहे. ते इतके ओशाळले की डबी माझ्या हातात देऊन निघून गेले.

शुक्रवारी उजाडायच्या बेताला मी जागी झाले तेव्हा तिचं सगळं आवरून झालं होतं. साधा सुती सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. मला उठवायचं नाही म्हणून चपला हातात घेऊन ती दाराकडे चालली होती. मी म्हटलं, जीप यायला वेळ आहे, चहा घेऊन जा. ती म्हणाली, नको सिस्टर, आज पोटात आधी दुसरं काही नको. जीप आमच्या फाटकासमोरून जायला बराच उशीर होता, आणि जीपही तिला फाट्यापर्यंतच नेणार होती, पुढे पायवाटच. मी विचारलं, वाट माहीत आहे का? कोलूनं सांगून ठेवली आहे, म्हणाली.

मी फाटकापर्यंत गेले. धान कापून झालेल्या बांध्यांवर धुकं होतं. तिनं चपला घातल्या, मागे वळून मान हलवली, आणि जीपची वाट न बघता रस्त्याच्या कडेकडेनं कोसंबीटोल्याच्या दिशेनं चालायला लागली.